मदत हवी आहे: हॉपर ड्रेजर आणि समुद्री कासवं

बंदरातल्या गाळउपशावर प्रकल्प लिहितेय आणि एका ठिकाणी अडकलेय. हॉपर ड्रेजर म्हणजे तळाचा गाळ शोषून पोटात साठवणारं जहाज. त्याचं शोषणारं तोंड तळाशी विसावलेलं कासव आत ओढतं, म्हणून पुढे डिफ्लेक्टर (कासवाला बाजूला ढकलणारा अडसर) लावतात. तोंड तळापासून उचललं की पंप बंद. इतपत कळलं. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर हे काम बरीच वर्षं हिवाळ्यात उरकायचे, कारण उन्हाळ्यात लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. पण हिवाळ्यातच तिथे राइट व्हेल पिल्लांना जन्म देतात! (२०२० मध्ये हंगामाचं बंधन सैल झालं, त्यात व्हेलचाही विचार होता.) मग झुकतं माप कुणाला? ट्रॉलरने (जाळं ओढत नेणाऱ्या बोटीने) कासवं आधी पकडून लांब सोडतात, त्याचा त्यांना कितपत ताण होतो? ड्रेजरवर निरीक्षक म्हणून काम केलेलं कुणी आहे का इथे?