सोयाबीन आपलं पीक कधी होईल का?

धुऱ्यावरचा:
भाऊ हो, मिरची पोर्तुगीजांनी अमेरिकेकडून आणली, आज भिवापुरी मिरचीले जीआय टॅग (त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) हाय अन् तिखटाबिगर सावजी रस्सा होत नाई. झेंडू मेक्सिकोचा, तरी दसऱ्याले तोरण त्याचंच. उपासाचं ताट पाहा, साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, सगळं तिकडचंच. मग सोयाबीन इतक्या वर्षापासून वावरात हाय तर त्याचं ना गाणं ना सण, ना घरात एक भाजी. सोंगलं, थ्रेशरमधून काढलं की सीधं मार्केट यार्डात. चुलीवर चढलं तरच आपलं, असं माझं मत.

मोर्शीचा_संत्रेवाला:
चुलीवर? संत्रा कोणत्या चुलीवर चढते दादा? तोबी नागपूरच्या भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आला म्हणतात. जीआय २०१४ ले भेटला, पण नागपूर म्हटलं की संत्रा हे त्याच्या किती आधीपासून हाय! जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून कलम करणारे कारागीर, मृगाचा बहार घ्यायचा का आंबिया यावर पारावरचे भांडणं, झाडाचं पाणी बंद करून ताण कधी द्यायचा अन् पाणी देऊन तो ताण कधी तोडायचा, हे कल्चर नाई का? पैसा देते ते पीक आपलं होते, बाकी गोष्टी मागून येतात.

पऱ्हाटीवाली_ताई:
पैसा कोणाच्या घरी येऊन राह्यला ते सांगा आधी 😀 बरं बेशरम (नाल्याकाठचं ते झुडूप) कोणी पेरली होती? अमेरिकेतून आली, नाल्यानाल्यानं पसरली, ढोरं तोंड लावत नाई, तरी गरिबाच्या कुडाले तिच्याच फोका. अन् ज्वारीले आपण गावरान म्हणतो, तीबी मूळची आफ्रिकेचीच, फक्त हजारो वर्षाआधी आलेली. माझा राग वेगळा हाय, सोयाबीननं ज्वारीचा पेरा खाल्ला, त्यासंग कडबा गेला, बैल ठेवणं परवडेना, आता पोळ्याले जोडी मागून आणा लागते. एक पीक आलं तं दुसऱ्याचा सण लंगडा झाला, हे कोणी मोजत नाई.

धुऱ्यावरचा:
ताई, कडब्याचं पटलं. संत्र्याचं नाई, पोट्टे झाडाखालीच सोलून खातात तो, सोयाबीन कोण तोंडात टाकते?

मोर्शीचा_संत्रेवाला:
आमची माय टाकते ना दळणात, गव्हासंग.

धुऱ्यावरचा:
आमच्याकडं टाकलं होतं, पोळीले असा वास की कुत्र्यानं सोडली.

पऱ्हाटीवाली_ताई:
कच्चंच दळलं असन भाऊ. आधी उकळत्या पाण्यातून काढा, उन्हात कडक वाळवा, मंग दळा, अन् पायलीले मूठ-दोन मूठच. कच्चं पचतबी नाई.