बाटलीतलं पाणी आणि शिनाण्याचं रक्त

खाडीतलं प्रदूषण मोजताना ‘पाण्याच्या नमुन्यात धातू मर्यादेत आले, मग शिंपले कशाला तपासायचे?’ असं विचारलं जातं. बाटलीतलं पाणी त्या घटकेचं. शिनाणं (खडकावरचा एक शिंपला) मात्र जागेला चिकटून महिनोन् महिने तेच पाणी गाळत बसलेलं असतं, पळून जायची सोय नाही.

शिवाय मांसात कॅडमियमसारखा विषारी धातू किती साठला हा एक प्रश्न, त्याने जिवाचं काय झालं हा दुसरा. दुसऱ्यासाठी जैवचिन्हकं, म्हणजे जिवाच्या शरीरात दिसणाऱ्या ताणाच्या खुणा. मला आवडते ती न्यूट्रल रेड या रंगाची चाचणी: स्नायूतून सुईने थेंबभर रक्त काढायचं (रक्त म्हणायचं इतकंच, लाल नसतं ते), तो रंग घालायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली घड्याळ लावून बसायचं. धडधाकट पेशीच्या लायसोसोममध्ये (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) रंग दोन तास टिकतो. ५० मिनिटांच्या आत झिरपू लागला तर जीव बेजार आहे समजा.

कशाने बेजार, ते मात्र कळत नाही. पावसाळ्यात खाडीचा खारटपणा उतरला तरी पेशींवर ताण येतो. म्हणून त्याच हंगामातले, त्याच आकाराचे, स्वच्छ किनाऱ्यावरचे शिंपले तुलनेला हवेतच. नेमकं बोट दाखवणारं चिन्ह क्वचित मिळतं: जहाजांच्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिन या विषारी रसायनामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं लिंग फुटायचं. त्या रंगांवरचा बंदीचा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये लागू झाला.