मालकाचं लोन थकलं, दारावर बँकेची नोटीस! भाडेकरूने काय करायचं?

प्रश्न: पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर राहतोय, काल दारावर बँकेची नोटीस चिकटवली, मालक फोन उचलत नाही, डिपॉझिट अडकलंय, लगेच घर सोडावं लागेल का?

उत्तर: नोटीस नीट वाचा. सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची असेल तर मालकाला कर्ज फेडायला ६० दिवस असतात, १३(४) ची म्हणजे कागदोपत्री ताबा घेतलाय, पण प्रत्यक्ष बाहेर काढायला बँका बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर आणतात.

उत्तर: रजिस्टर्ड अॅग्रीमेंटची कॉपी जोडून बँकेला लेखी कळवा, पोच घ्याच. डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) ४५ दिवसांत अर्ज करता येतो, पण दादा, लायसन्सवाल्याला (फक्त राहायची परवानगी असलेल्याला) कायद्याने भाडेकरूइतकं संरक्षण नाही, वकील गाठा. डिपॉझिट मालकाकडूनच मागावं लागेल.

प्रश्नकर्ता: १३(४) चीच आहे, सोमवारी बँकेत जातो. खूप आभार, रात्रभर झोप नव्हती.