शर्यत संपलेल्या घोड्याचं पुढं कोणी बघायचं?

अश्विनी_पुणे
मंडळी, पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मी ९ वर्षं शिकवते आहे. आमच्याकडचे निम्मे घोडे रेसकोर्सवरून उतरलेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच जोपासलेल्या जातीचे आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. शर्यतीसाठी घोड्याची नोंदणी होते त्याच दिवशी मालकाकडून त्याच्या पुढच्या आयुष्यासाठी ठेव घ्यावी, आणि घोडा कोणाकोणाच्या हाती गेला याची नोंद तो मरेपर्यंत ठेवावी.

थरोब्रेड २ वर्षांचा झाला की पळायला लागतो. आपली इंडियन डर्बी ही मोठी शर्यत ४ वर्षांच्या घोड्यांची. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं रेसकोर्स सुटतं, आणि नीट सांभाळला तर घोडा २५ वर्षं सहज जगतो. मधल्या १८ वर्षांचं काय?

गेल्या दिवाळीत आमच्याकडे एक तांबडी घोडी आली, ६ वर्षांची. पुढच्या डाव्या पायाची टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, गेलेली. गुडघ्याखाली मागच्या बाजूनं हात फिरवला की धनुष्यासारखा फुगवटा लागायचा. पहिले ४ महिने तिच्या पाठीवर कोणी बसलं नाही. ओट कमी केले, गवत वाढवलं, रोज हातानं चालवली. मग शिकवणी सुरू. शर्यतीत जॉकी लगाम आखडून धरतो तेव्हा घोडा त्यावर भार टाकून पळतो, हे तिच्या अंगात मुरलेलं. आमचा नवशिका पोरगा घाबरला की लगाम गच्च ओढणार, आणि घोडीला वाटणार, चला, सुटायचंय! बसणाऱ्यासाठी एका जागी उभं राहणंही तिला ठाऊक नव्हतं, कारण जॉकीला नेहमी कोणीतरी पाय धरून चालत्या घोड्यावर चढवलेलं. आज तीच घोडी १० वर्षांच्या मुलीला घेऊन दुडकी चालते. पण यात वर्ष गेलं, आणि मालकानं घोडी फुकट देताना सोबत एक पैसा दिला नाही. ज्यांना असं ठिकाण मिळत नाही ते लग्नाच्या वराती आणि माथेरान-महाबळेश्वरच्या फेऱ्यांमध्ये झिजून संपतात.

मोतद्दाराचा_पोरगा
ताई, कळकळ पटली, उपाय पटला नाही. माझे वडील मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर ३० वर्षं मोतद्दार होते, घोड्यांची निगा राखायचे. पहाटे ४ ला खरारा, मग घोडा ट्रॅकवर, मग पाय पाण्यात. मालक म्हणजे सगळे हिऱ्यांचे व्यापारी नव्हेत. चार मित्र मिळून एक घोडा घेतात, आणि बक्षिसात त्याचा महिन्याचा खर्चही निघत नाही. त्यात आणखी ठेव लावा, मग काय होईल ते मी सांगतो. आज घोडा निदान रायडिंग स्कूलला फोन करून दिला जातो. उद्या कटकट नको म्हणून तो रात्रीत ट्रकमध्ये चढेल आणि कागदावर ‘मयत’ लागेल. नोंद जितकी कडक, तितकी ती खोटी करायची ओढ जास्त.

अश्विनी_पुणे
दादा, खोटं होईल म्हणून नोंदच नको, हे मला मान्य नाही. अमेरिकेतली नावाजलेली शर्यत केंटकी डर्बी १९८६ मध्ये जिंकलेला फर्डिनांड नावाचा घोडा पुढे प्रजननासाठी जपानला विकला गेला आणि २००२ मध्ये कत्तलखान्यात मेला. एवढा नावाजलेला घोडा, आणि बातमी फुटेपर्यंत अमेरिकेत कोणाला पत्ता नव्हता. ती फुटल्यावर न्यूयॉर्कच्या मालकांनी निवृत्त घोड्यांसाठी ऐच्छिक वर्गणी सुरू केली, तिला नावही त्याचंच दिलं. ब्रिटनमध्ये तर रेसिंगवाल्यांनी २००० सालीच अशा घोड्यांना नव्यानं शिकवून घर शोधून देणारी संस्था उभी केली. जो धंदा घोड्यावर चालतो त्यानंच हे करायचं असतं.

मुकी_जनावरं
तुम्ही दोघंही फांद्या छाटताय. शर्यतीच बंद करा. दरवर्षी स्टड फार्मवर, म्हणजे पैदाशीच्या ठिकाणी, नवी शिंगरं जन्माला येत राहणार आणि तुम्ही मागच्या दारानं घरं शोधत बसणार. किती रायडिंग स्कूलं आहेत आपल्याकडे?

मोतद्दाराचा_पोरगा
बंदीचं बोलू नका. २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. आमच्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे ३ घोडे होते. गाडी थांबली, घोड्यांची भूक थांबली नाही.

दस्तुरीवाला
अश्विनीताई, ‘झिजून संपतात’ हे वाचून वाईट वाटलं. मी माथेरानचा. आमच्याकडे गाड्यांना बंदी, दस्तुरी नाक्यापासून वर घोडा, मिनी ट्रेन आणि आता ई-रिक्षा. माझ्या घोड्यावर माझं घर चालतं, त्याला उपाशी ठेवून मी काय कमावणार? पण एक खरं सांगतो. रेसचा घोडा आमच्या कामाचा नसतोच. कातडी पातळ, खूर नाजूक, पेव्हर ब्लॉकवर घसरतो, माकडानं उडी मारली तरी बिचकतो. आम्हाला देशी, बुटका, पायाचं हाड जाड असलेला घोडा हवा. तरी लोक रेसचा घेतात, कारण तो स्वस्तात पदरात पडतो आणि गिऱ्हाइकाला उंच घोडा आवडतो. दोष आमच्या गावाचा नाही, त्या स्वस्ताईचा आहे.

पशुवैद्य_नगर
दस्तुरीवाल्यांचा मुद्दा मोलाचा आहे. प्रत्येक घोडा प्रत्येक कामाला चालत नाही. टेंडनचा घोडा विश्रांतीनंतर सावकाश कामाला उभा राहतो. सांध्याचं हाड तुटलेला घोडा कामाला उभा राहत नाही. तो फक्त कुरणात राहू शकतो, तेही दुखणं आवाक्यात असेल तर. आणि ज्याचं दुखणं आवाक्यात नाही, त्याला मालकानं डॉक्टर बोलावून शांतपणे मरण द्यावं. हे बोललेलं कोणाला आवडत नाही. पण ‘मी मारला नाही, दान दिला’ म्हणून लंगडा घोडा पुढे ढकलणाऱ्यांचे घोडे मी तपासले आहेत. चौथ्या हाती पोहोचलेला, बरगड्या मोजता येतील असा घोडा वरातीच्या बँडसमोर तीन पायांवर उभा होता. ठेव घ्याच, पण पहिला खर्च त्यातून तपासणीचा होऊ द्या: घोडा कोणत्या कामाला चालेल, हे लेखी.

अश्विनी_पुणे
डॉक्टर, हे मी धरलं नव्हतं, आणि धरायला हवं होतं. मोतद्दार दादा, तुमचाही एक मुद्दा घेते. एकरकमी ठेव छोट्या मालकाला जड जाईल. मग जिंकलेल्या प्रत्येक बक्षिसातून आणि लिलावातल्या प्रत्येक विक्रीतून थोडा वाटा कापा. नोंदीवर मात्र मी ठाम आहे.

दस्तुरीवाले दादा, माथेरानबद्दल मी सरसकट लिहिलं, चूक झाली. एक विचारते. तपासणीचा कागद आणि पहिल्या वर्षाचा चारा सोबत आला, तर तुम्ही असा घोडा घ्याल?

दस्तुरीवाला
कागदावर ‘चढउताराला चालेल’ लिहिलं असेल तर घेईन. नसेल तर चाऱ्यासकट दिला तरी नको. आणि मे महिन्यात पाठवू नका, त्या गर्दीत नवा घोडा बावरतो. पावसात धंदा नसतो, तेव्हा पाठवा, म्हणजे त्याला वाट शिकवता येईल.