बिल्ले, उपरणी, मुखवटे, फ्लेक्स: अनुभव धागा

शाईवाला
चौकातल्या फ्लेक्सवरचे साहेब निळे पडलेत, ते बघून जुन्या प्रचार-मालाची आठवण झाली. म्हणून धागा. निळे का पडतात? उन्हात पिवळा नि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतो, सायन (छपाईचा निळा) शेवटपर्यंत टिकतो. उन्हाळा सरेस्तोवर सगळे पक्ष एकाच रंगाचे!

खटाखट
बिल्ला ५८ मिमीचा असेल तर कागद साधारण ७० मिमीचा गोल कापायचा. चेहरा मधल्या ५० मिमीत बसवा, नाहीतर फेटा पत्र्याखाली दुमडतो. मशीनच्या पहिल्या साच्यात पत्रा, त्यावर कागद, त्यावर पारदर्शक फिल्म, दाबा. दुसऱ्यात पिनवाली मागची बाजू, पुन्हा दाबा. पिन आडवी बसली का बघा, नाहीतर साहेब छातीवर कलंडतात. फिल्म डबल गेली की मशीन अडकलंच. पावसाळ्यात दमट कागदाला सुरकुत्या येतात.

मिरजमावशी
कलंडलेले साहेब 😂 खरे तर तेच.
उपरण्यांचं सांगते. सॅटिन पॉलिस्टर असेल तर सब्लिमेशन, म्हणजे कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवायची, २०० अंशाला ४०-५० सेकंद. यात पांढरी शाई नसतेच. म्हणजे भगव्या कापडावर पांढरं चिन्ह उमटणार नाही. पांढरं कापड घ्यायचं आणि भगवाच छापायचा. मागची बाजू पांढरट राहते, गिऱ्हाईक त्यावरून हमखास भांडतं. कॉटनला स्क्रीन प्रिंट. तिथे रंग उष्णता देऊन पक्का केला नाही तर सभेच्या घामात शर्टावर उतरतो. कुकर झाला, उरलेलं नंतर.

गोदामराखा
आणि चिन्हच बदललं तर? ऑक्टोबर २०२२ मध्ये मशाल आणि ढाल-तलवार आली, फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाणाचा निकाल, फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळाचा, लगेच तुतारी वाजवणारा माणूस. चिन्हवाला माल पडून. नुसता रंग असलेली उपरणी मात्र दोन्ही बाजूंना खपतात, म्हणून शहाणा व्यापारी साधा ताका ठेवतो नि चिन्ह ऐनवेळी मारतो.

कलम१२७क
पत्रक-पोस्टर छापणाऱ्यांनो, मुद्रक आणि प्रकाशक दोघांचं नाव-पत्ता त्यावर हवाच. प्रकाशकाचं सहीचं घोषणापत्र दोन प्रतींत, ओळखीच्या दोघांनी साक्षांकित केलेलं. ते हातात आल्याशिवाय प्लेट लावू नका. नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खटाखट
आणि दुकानाच्या जाहिरातीत पंतप्रधानांचा फोटो टाकला तर?

कलम१२७क
१९५० चा बोधचिन्हे-नावे कायदा. शिवाजी महाराज, गांधीजी, नेहरू, इंदिराजी, पंतप्रधान, सगळे त्या यादीत आहेत. परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचे नाहीत. कॅलेंडरला सूट आहे, पण त्यावर फक्त तयार करणाऱ्याचं नि छापणाऱ्याचं नाव हवं, मालाची जाहिरात नको. 'अमुक ज्वेलर्सतर्फे सप्रेम' आलं की सूट संपली. पाळतं कोण, हा वेगळा धागा होईल.

पुठ्ठेकर
मुखवटे: ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कार्ड. डोळ्यांची भोकं फोटोतल्या डोळ्यांवर पाडू नका! माणसाच्या बाहुल्यांत सहा-सव्वासहा सेंमी अंतर असतं, तेवढंच ठेवा आणि फोटो त्या मापाला आणा. इलॅस्टिकच्या भोकाला मागून टेप लावा, नाहीतर पहिल्या घोषणेलाच कान तुटतो.

शाईवाला
फ्लेक्सवाल्यांसाठी: 'शुभेच्छुक' लोक डीपीचा स्क्रीनशॉट पाठवतात. एक फुटाला खपून जातं, चार फुटाला चेहऱ्याची रांगोळी. फोटोंचा क्रम लिहून घ्या. कोण वर, कोण खाली, यावरून दहा बाय आठचा फ्लेक्स रात्रीत पुन्हा छापावा लागतो नि दुसऱ्या छपाईचे पैसे कोणी देत नाही.

निफाडचा_दादा
उतरवलेला फ्लेक्स द्या आम्हाला, कांदाचाळीवर टाकायला बरा. फक्त बाजूंनी खाली लोंबता सोडू नका, हवा कोंडली की कांदा सडतो. छपाईची बाजू खाली.

मिरजमावशी
खाली का हो दादा?

निफाडचा_दादा
वर ठेवली तर येणारा-जाणारा आमचा पक्ष विचारतो.

पुठ्ठेकर
😄 खटाखट, ५८ च्या मशीनवर ४४ चे बिल्ले निघतात का?

खटाखट
साचे बदलता येणारं मशीन असेल तर निघतात, ४४ ची जोडी वेगळी घ्यावी लागते. पत्रा-पिनही त्याच मापाची. कटर विसरू नका.