कमिटीवर कामगारांची नावं एचआरनंच टाकली, चालतं का हे?

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव मालाच्या कडा घासून साफ करायला) आहे मी. परमनंट माणसं शंभराच्या वर, युनियन नाही. आता वर्क्स कमिटी (मालक आणि कामगार दोन्हीकडच्या माणसांची) केली पण कामगारांच्या बाजूची नावं एचआरनंच टाकली, सगळी साहेबांच्या मर्जीतली, आणि मीटिंगला विषय काय तर कँटीनचा चहा. परवा बोर्डावर नोटीस लागली, सोमवारपासून शिफ्टची वेळ बदलणार, खाली लिवलंय 'कमिटीशी चर्चा करून'. आम्हाला कुणी विचारलं? गावात दूध संस्था असूदे नायतर साखर कारखाना, सभासद मत टाकून संचालक निवडतो, सभेत उभा राहून हिशेब मागतो, आणि कंपनीत मात्र तोंड उघडायची सोय नाही. या कमिटीला काय अधिकार असतो का?

उद्यमनगरकर
भावा, १०० किंवा जास्त कामगार असले की सरकार वर्क्स कमिटी करायला लावू शकतं, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होतं हे, नव्या औद्योगिक संबंध संहितेत पण ठेवलंय. त्यात कामगारांची माणसं मालकाच्या माणसांपेक्षा कमी असून चालत नाहीत, आणि ती कामगारांतूनच नियमाप्रमाणे निवडायची. पण कमिटीचं काम रोजच्या कुरबुरी मिटवायचं, तुमच्या वतीनं सह्या करून द्यायचं नव्हे. नॉर्थ ब्रुक ज्यूट कंपनीच्या केसमध्ये १९६० लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कमिटीनं मान्य केलं म्हणजे कामगारांनी मान्य केलं असं होत नाही. स्टँडिंग ऑर्डरच्या (कंपनीच्या कामाच्या लेखी नियमांच्या) बाहेर जाऊन शिफ्ट बदलायची असंल तर २१ दिवस आधी नोटीस लागते. आधी स्टँडिंग ऑर्डर बघा.

मोल्डिंग शॉप
आमच्याकडं (गोकुळ शिरगाव) पण आधी असंच चहापाण्यावर चालायचं. मग पोरांनी एकच धरलं, मीटिंगमध्ये जे ठरलं ते लिहून दोघांच्या सह्या करून बोर्डावर लावायचं. धूळ ओढायचा फॅन बंद पडलेला, मीटिंगमध्ये नुसतं 'बघतो बघतो' व्हायचं, पण बोर्डावर तारीख आणि मेंटेनन्सच्या साहेबाचं नाव लागल्यावर लगेच चालू झाला. रिजेक्शन (खराब निघालेला माल) का वाढलं हे पण साच्याच्या वाळूवर उभारलेल्या माणसालाच आधी कळतंय, त्याला विचारलं तर मालकाचाच फायदा हाय.

कायदा वाचणारा
घटनेत कलम ४३क आहे, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलेलं, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. पण ते मार्गदर्शक तत्त्व, त्यावर कोर्टात जाता येत नाही. जर्मनीत १९७६ च्याच कायद्यानं २००० च्या वर माणसं असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगारांच्या. आपल्याकडं कमिटीच्या पुढं गाडी फारशी गेली नाही, म्हणून आहे ती कमिटी तरी सोडू नका.

प्रश्न विचारणारा
स्टँडिंग ऑर्डर उद्या मागतो, लेखी अर्ज देऊनच. ठेकेदाराच्या पोरांना पण कमिटीत मत असतं का? फर्नेसवर निम्मी तीच आहेत आणि शिफ्ट त्यांची पण बदलणार.