‘खागान’ (सम्राट) हा किताब तुर्कांचा की उसना?

शिलालेखी: मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात कुल तेगिनचा (७३२) आणि बिल्गे खागानचा (७३५) असे दोन तुर्की शिलालेख आहेत. त्यांच्या जोरावर ‘खागान’ सर्रास तुर्की ठरवतात. पण तुर्कांचा नेता बुमिन याने ५५२ मध्ये रुरानांना (तुर्कांआधी मंगोलियाच्या गवताळ प्रदेशावर राज्य करणारे लोक) हरवून तो घेतला, आणि रुरानांचा राजा शेलुन ४०२ मध्येच खागान झाला होता. शब्द उसनाच!

गवताळ: आधी कोणी वापरला म्हणजे त्याच्याच भाषेतला, हे कुठलं शास्त्र? कुल तेगिनच्या लेखात ‘खागानला-’, म्हणजे खागान नेमणे, असं क्रियापद आहे. इतका मुरलेला शब्द परका कसा?

शिलालेखी: फारसी ‘खर्च’वरून आपण ‘खर्चणे’ केलंच की. क्रियापदापेक्षा अनेकवचन बघा. तुर्कीचा प्रत्यय ‘-लार’, पण ‘तरखान’ (एक मोठा अधिकारी) या किताबाचं ‘तरखात’ आणि ‘तेगिन’ (राजपुत्र) याचं ‘तेगित’ होतं. हा ‘-त’ तुर्की नाही. किताबांचा अख्खा संचच बाहेरून आलेला दिसतो.

गवताळ: तरखान-तेगिनचं ठीक. त्यावरून खागानचा निकाल लागत नाही. बाहेरून म्हणजे नेमकं कुठून?

गुहावासी: रुरानांवर थांबू नका. इनर मंगोलियातल्या गाश्यान गुहेत ४४३ चा चिनी लेख १९८० मध्ये सापडला. उत्तर वेई या उत्तर चीनमधल्या स्यानबेई घराण्याच्या सम्राटाने तिथे पूर्वजांची पूजा करवली, त्यात पूर्वज ‘खहान’ आणि त्यांच्या राण्या ‘खदुन’ (ही चिनी रूपं). ‘वेई शू’ या वेई घराण्याच्या चिनी इतिहासग्रंथात हीच प्रार्थना आहे, पण नेमके हे शब्द गाळलेत! नुसत्या पोथीवर विसंबलं की असं फसायला होतं. माझा कौल स्यानबेईंना, आणि त्यांची भाषा बहुधा मंगोलच्या जवळची.

येनिसेई: स्यानबेईंनी तरी कुठून आणला? भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांडर व्होविन तो सैबेरियातल्या येनिसेई भाषांतल्या ‘मोठा’ आणि ‘राजा’ या अर्थांच्या शब्दांपर्यंत नेतात, श्योंग्नूंमार्फत (स्यानबेईंच्या आधी गवताळ प्रदेशावर राज्य करणारे लोक).

गुहावासी: श्योंग्नूंचा राजा ‘चान्यू’, खागान नव्हे. आणि येनिसेई शब्दांच्या नोंदी अठराव्या शतकापासूनच्या. मधली दीड हजार वर्षं निव्वळ पुनर्रचनेवर. मला पटत नाही.

गवताळ: मग ‘खान’चं काय? खागान झिजून खान झाला म्हणतात.

शिलालेखी: झिजला असेलही, पण ओर्खोनच्या काळात नाही. तुर्कांचा मंत्री तोन्युकुक याच्या लेखात दोन्ही शब्द शेजारी नांदतात. पुढे मात्र खानाची किंमत उतरत गेली. आदिलशाहीत तर तो सरदारांचा किताब, अफझलखान बघा.